जागेवरचं सांगणं

काचवालीला तिच्या आत्याने पहिल्याच दिवशी अख्ख्या वस्तीसमोर झाडलं, आणि तेही अशा कामावरून, ज्यात काचवाली स्वतःला पटाईत समजत होती.

काचवाली हे नाव वस्तीतल्या बायकांनी ठेवलेलं. शहरातून येताना तिने काचेच्या पाट्या आणल्या होत्या, म्हणजे टॅबलेट. त्यांच्यावर बटण कुठे असावं, चित्र कुठे असावं, कुठे बोट लावल्यावर काय उघडावं, हे ठरवणं हाच तिचा धंदा. एका संस्थेने तिच्या ऑफिसला काम दिलं होतं. डोंगरातल्या म्हाताऱ्या माणसांना झाडपाला, पाणी, पाखरं, माती यांतलं जे माहीत आहे ते त्यांच्याच आवाजात साठवायचं, आणि ते कसं उघडावं हे त्यांनाच विचारून ठरवायचं. 'त्यांनाच विचारून' यावर संस्थेचा भारी जोर. असा जोर कागदावर सगळेच देतात. काचवाली मात्र खरंच विचारायला आली होती, कारण ही वस्ती तिच्या बापाची होती. बाप तरुणपणी डोंगर उतरून नोकरीला गेला तो गेलाच. ही तिकडेच जन्मली, तिकडेच वाढली. बाप वारल्यावर इकडचं म्हणावं असं माणूस उरलं ते एकच, त्याची थोरली बहीण.

आत्याने पाटी हातात घेतली. पडद्यावर झाडांची चित्रं चौकटींत मांडलेली होती, वर शोधायला एक भिंग. आत्याने एका वेलीच्या चित्रावर बोट टेकवलं, आणि पाटीतून तिचाच आवाज आला: तापावर हिचं मूळ कसं उगाळायचं. त्याच दिवशी सकाळी ओढ्याजवळ काचवालीने तो भरून घेतला होता. बायका खूश होऊन हसल्या. आत्या हसली नाही.

"हे मी कुठे सांगितलं होतं तुला?"

"ओढ्याजवळ."

"आणि वाजतंय कुठे?"

"इथे, अंगणात."

"मग हे सांगणं नव्हे, ही बडबड झाली. बोट लावलं की उघडतं होय? चोरानेही बोट लावलं तरी उघडेल. चोराला काय बोटं नसतात?"

आता बायका पोट धरून हसल्या. काचवालीचे कान लाल झाले. पण ती नाकाने कांदे सोलणाऱ्यांतली नव्हती. तिने पाटी बंद केली, आत्याशेजारी मांडी घातली आणि विचारलं, "मग कसं उघडावं ते तू सांग."

आत्याने सांगितलं. सांगायला तिला बरेच दिवस लागले, कारण अंगणात बसून ती यातलंही काही बोलेना. प्रत्येक गोष्टीसाठी तिने भाचीला डोंगरात नेलं. त्या माणसांत रीतच तशी होती. पाण्याबद्दल पाण्यापाशी बोलायचं, झाडाबद्दल झाडाखाली. ऐकणाऱ्याने आधी बसायचं, हात मोकळे ठेवायचे, श्वास खाली बसू द्यायचा. तो चुळबुळला की सांगणारा थांबणार, आणि पुन्हा पहिल्यापासून. सांगून झालं की ऐकणाऱ्याने तळहात जमिनीला लावून म्हणायचं, ऐकलं. एवढं म्हटलं की ते सांगणं त्याच्याकडे आलं.

याहून मोठी एक रीत होती. वस्तीतल्या प्रत्येक माणसाला वयात आल्यावर एक जागा लावून देत. एखादा झरा, एखादा कडा, एखादं जुनं झाड. त्या जागेवर नेऊन तिचं सगळं सांगायचं, आणि मग ती जागा त्या माणसाची. मालकीची नव्हे, राखणीची. तिच्याबद्दल कुणाला काही विचारायचं तर त्यालाच विचारायचं, आणि तिच्या वतीने बोलायचं तर त्यानेच. दुसरा कुणी, मग तो कितीही मोठा असो, त्या जागेबद्दल तोंड उघडत नसे. नवीन माणूस भेटला की नावगाव विचारण्याआधी विचारत, तुझी जागा कोणती?

काचवालीलाही विचारलं. ती कसंनुसं हसली, आणि विचारणाऱ्या म्हातारीनेच गडबडीने विषय बदलला. ते विषय बदलणं काचवालीला फार लागलं. शहरात घर, नोकरी, नाव, सगळं होतं. इथे तिच्याजवळ चटई टाकण्यापुरतीही जागा नव्हती. आपल्याला लावून देशील का, असं आत्याला विचारायचं तिच्या ओठांवर कितीदा तरी आलं आणि प्रत्येक वेळी तिने ते गिळलं. असली गोष्ट मागून मिळाली तर तिला काय अर्थ?

ऑफिसात परतल्यावर तिने चौकटी पुसल्या, भिंग पुसलं. नकाशाही पुसला, कारण आत्या म्हणाली होती, "नकाशा काढलास की उद्या कुणीही पोतं घेऊन येईल." राहिला एक काळा पडदा. फोन घेऊन डोंगरात हिंडायचं. एखाद्या सांगण्याच्या जागेवर पोचलात की पडदा हळूहळू हिरवा होणार. मग फोन जमिनीवर ठेवून बसायचं. तो स्थिर राहिला की आवाज सुरू, हलला की बंद, आणि पुन्हा पहिल्यापासून. शेवटी तळहात जमिनीला लावून 'ऐकलं' म्हणायचं, की पडद्यावर एक ओळ उमटणार. त्या ओळीवरून ऑफिसात बरीच खडाजंगी झाली. कुणी म्हणे 'आपली', कुणी म्हणे 'तुमची'. शेवटी काचवालीने आत्याला फोन लावला. आत्या म्हणाली, "परक्याला देतोय का? तुझी म्हण." मग ओळ ठरली: ही जागा आता तुझी.

प्रोग्रामरने एकदाच हरकत घेतली. तो शांत स्वभावाचा गृहस्थ होता आणि सहसा कुणाच्या अध्यामध्यात नसे.

"एक मागचं दार ठेवूया," तो म्हणाला. "अडीनडीला ऑफिसातून उघडता आलं पाहिजे. आत्ता तू म्हणतेस तसं केलं तर जागा हीच किल्ली होते. मलाही उघडता येणार नाही, तुलाही नाही."

"मागचं दार असलं की कुणीतरी त्यातून आत जातंच," काचवाली म्हणाली. "मी तिला शब्द दिलाय."

"बरं. पण नंतर माझ्या नावाने खडे फोडायचे नाहीत."

पडद्याचं फार कौतुक झालं. काचवालीला ठिकठिकाणी बोलावणी आली. काळा पडदा हिरवा होताना दाखवला की सभागृहं टाळ्यांनी भरून जात, आणि ती नम्रपणे म्हणे की हे माझं काम नाही, माझ्या आत्याचं आहे. हे ती मनापासून म्हणत असे. फक्त ते म्हणण्यासाठी ती सगळीकडे जात होती, आत्याकडे सोडून.

आत्याकडे फोन नव्हता. तिचा मुलगा, म्हणजे काचवालीचा आतेभाऊ, ज्याला सगळे लंबू म्हणत, तो आपल्या फोनवरून लावून द्यायचा. नवं काही सांगून ठेवायचं असलं तर तेही ती त्याच्याच फोनवर बोले, आणि ते सगळ्यांच्या पडद्यात जाऊन पडे.

"पोरी," आत्या एकदा म्हणाली, "तुझं सांगून ठेवलंय."

काचवाली विमानतळावर रांगेत उभी होती. तिला क्षणभर कळेना. मग कळलं, आणि ती रांगेतून बाहेर आली.

"माझं? माझी जागा?"

"हो. ये आणि ऐक."

"कुठली गं?"

"फोनवर विचारतेस? एवढं शिकवलं ते पालथ्या घड्यावर पाणी. चालत ये."

"येते. पुढच्या महिन्यात नक्की येते."

पुढच्या महिन्यात दुसऱ्या शहराचं आमंत्रण होतं. आत्याने पुन्हा फोन लावायला लावला, म्हणाली, "लवकर ये." मग आणखी एकदा. त्या वेळी ती एवढंच म्हणाली, "येतेस ना?" कारण विचारलं तर ती सांगेना. काचवालीला वाटलं, म्हातारं माणूस, एकटेपणा. तिने नवी शाल पाठवून दिली.

त्यानंतर लंबूचा फोन आला तो वेगळाच. डोंगरावर दगडाची खाण होणार होती. खाली तालुक्याच्या सभागृहात सुनावणी ठेवली होती, ज्यांची हरकत असेल त्यांनी या. लंबूला तिथे पडदा उघडून दाखवायचा होता, की बघा, या डोंगरावर आमचं किती काय आहे.

"सभागृहात नाही उघडणार रे तो," काचवाली म्हणाली.

"तुला येत असेल ना उघडायला. तूच केलायस."

तिने प्रोग्रामरला विचारलं. त्याने खडे फोडू नकोस असं आधीच सांगितलं होतं, म्हणून आता फक्त नकारार्थी मान हलवली. तिने ऑफिसच्या कागदावर एक पत्र लिहून पाठवलं, फार चांगल्या भाषेत. स्वतः जावं असंही तिच्या मनात आलं. पण त्याच दिवशी एक भाषण होतं, महिन्यांपूर्वी कबूल केलेलं.

पावसाळा सरताना आत्या गेली. रस्ते वाहून गेले होते, काचवालीला पोचता आलं नाही. पोचता आलं नाही हे खरं होतं, आणि तरी त्याचा आधार वाटेना.

*

काचवाली डोंगरावर पोचली तेव्हा खाण जोरात चालू होती. लंबू तिला घ्यायला आला तो खाणीच्या डंपरमधून. अंगावर खाणीचाच पिवळा शर्ट. तिची नजर शर्टावर गेलेली पाहून तो म्हणाला, "बघ, बघ. आधी बाहेर उभं राहून घोषणा दिल्या, आता आत बसून गिअर टाकतो. पोट कुठे ठेवू?"

"मी काही म्हटलं का?"

"तू नाही म्हणणार. तू शिकलेली आहेस."

तो टोमणा होता की नाही हे तिला कळलं नाही. डंपर वळणं घेत चढत होता. काच खाली होती आणि दगडाची पांढरी भुकटी आत येऊन दोघांच्या भुवयांवर बसत होती. तिने फोन मांडीवर धरला होता. पडदा काळा.

"माझी जागा कुठली, तुला माहीत आहे?"

"आईला तिथे मीच नेलं. पाठीवर घेऊन. शेवटी शेवटी तिला चढवत नव्हतं." त्याने गिअर बदलला. "पण बसताना मला लांब पाठवलं. म्हणाली, हे तुझं नाही. मी खालच्या झाडाखाली बसून राहिलो. अर्धा तास बोलत होती फोनशी."

"कुठे ते?"

"दाखवतो. पण ताई, डोंगर राहिला नाहीये तिथला."

"फोनला ते कळत नाही," ती म्हणाली. "त्याला फक्त इकडे-तिकडे कळतं. वर-खाली काय आहे, ते नाही."

लंबूने पुढचं वळण घेतलं. थोड्या वेळाने तो स्वतःशी बोलल्यासारखं म्हणाला, "सुनावणीला आई आली होती."

"तू बोलला नाहीस कधी."

"काय बोलू? लाज आणली तिने. मी फोन वर धरून उभा, पडदा काळाकुट्ट. साहेब म्हणाले, अहो, हा बंद आहे. सगळं सभागृह हसलं. मग त्यांनी आईला विचारलं, आजी, त्या झऱ्याच्या बाजूला तुमचं काही आहे का? तिने तोंड उघडलं असतं ना, तर दिवसभर बोलली असती. तिच्याइतकं कुणाला माहीत होतं? तर म्हणते कशी, त्या जागेबद्दल मी नाही बोलणार. ते बोलायला दुसरं माणूस आहे, ते येईल. साहेब म्हणाले, कोण? ही गप्प. साहेब भला माणूस, जेवणाची सुट्टी होईपर्यंत थांबला. ही दाराकडे बघत बसली. मग त्यांनी लिहून टाकलं, हरकत नाही." त्याने खिडकीबाहेर थुंकलं. "म्हातारीला भ्रम झालाय, असं लोक म्हणाले. मीही म्हणालो."

काचवालीने फोन घट्ट धरला.

खाणीत उतरल्यावर आवाज एवढा होता, की लंबू हातवाऱ्यांनी बोलू लागला. चारी बाजूंनी दगडाच्या उभ्या भिंती, त्यांवर सुरुंगाच्या भोकांच्या रेघा. तळाला साचलेलं दुधी पाणी, त्यात तेलाचे डाग. एका बाजूला खडी फोडायचं मशीन चालू होतं. लंबूने डंपर उभा केला, वर रिकाम्या हवेत बोट दाखवलं, मग ते सरळ खाली आणलं. साधारण इथे.

ती चालू लागली. एक लाल झेंडा, खडीचा ढीग, फाटलेला टायर. टायरच्या पुढे गेल्यावर हातातला पडदा हळूहळू हिरवा झाला. सभागृहांत टाळ्या घेणारा तोच हिरवा रंग. तो निवडायला तिने एक अख्खा आठवडा घालवला होता.

तिने फोन जमिनीवर ठेवला आणि शेजारी बसली. हात मोकळे सोडले. श्वास खाली बसायची वाट पाहिली.

"पोरी," आत्याचा आवाज आला, आणि थांबला.

जमीन थरथरत होती. मशीनचा एकेक धक्का दगडातून फोनपर्यंत पोचत होता. "पोरी," पुन्हा, आणि पुन्हा बंद. "पोरी." "पोरी." काचवालीने फोन मांडीवर घेतला तर तो मुळीच बोलेना, कारण हातात धरलेला फोन बोलायचा नाही हे तिनेच ठरवलेलं. तिने अंगातला स्वेटर काढून खाली घातला, त्यावर फोन ठेवला. "पोरी, बस…" एवढं येऊन गेलं. किती वेळ ती आत्याच्या हाका ऐकत राहिली. आयुष्यभर न ऐकलेल्या सगळ्या एकदम येत असाव्यात, तशा त्या येत होत्या. शेवटी तिने दोन्ही हातांत तोंड झाकून घेतलं.

लंबू आला. त्याने फोनकडे पाहिलं, मशीनकडे पाहिलं. "जेवणाची सुट्टी होईल आता," तो तिच्या कानाशी ओरडला. "थांब."

भोंगा वाजला. मशीन कण्हत कण्हत थांबलं. एवढ्या गोंगाटानंतरची शांतता कानांना बोचली. लंबू उठून लांब जायला निघाला, आईने सांगितलं होतं तसा. काचवालीने त्याचा हात धरून त्याला खाली बसवलं.

"पोरी, बस. पाय लांब कर, चढून दमली असशील. आधी पाणी पी. तुझ्या डाव्या हाताला भेग आहे, तिच्यात ओंजळ लाव. उन्हाळ्यातही आटत नाही."

डाव्या हाताला फाटका टायर होता.

"प्यायलीस? ही तुझ्या बापाची जागा. जाताना मला म्हणाला होता, ताई, माझी पोरं येईपर्यंत तू बघ. मी बघितली. तुला आधीच द्यायला हवी होती. पण तू नुसती पाहुणी म्हणून येतेस की आमची म्हणून, ते कळेना मला. मग तू तो नकाशा पुसलास. तेव्हा कळलं."

मग तिने जागेचं सगळं सांगितलं. भेगेतलं पाणी कुठून येतं, ते गढूळ झालं तर वर काय झालंय असं समजायचं, कडेची वेल कुठल्या दिवसांत खणायची आणि किती ठेवायची, बाळंतिणीला कुठला पाला. तिचा आवाज मध्ये मध्ये दमत होता. बाजूला एक पाखरू सारखं शीळ घालत होतं. ते रेकॉर्डिंगमधलं होतं. खाणीत पाखरू नव्हतं.

"आता शेवटचं," आत्या म्हणाली. "त्या तिकडे माणसं लाल रंगाचे खुंटे ठोकून गेलीत. ती विचारायला येतील. मला त्यांच्यापुढे बोलता येत नाही, माझे शब्द त्यांच्या कानात शिरत नाहीत. तुला त्यांच्यासारखं बोलता येतं, कागदावर लिहिता येतं. म्हणून घाईने तुझ्या नावावर करतेय. आता मला या जागेबद्दल बोलायचा हक्क नाही. ते येतील तेव्हा तू नाही म्हण. नीट, मोठ्याने म्हण. तू येशीलच, मला माहीत आहे. ऐकलंस?"

आवाज संपला. पडदा हिरवाच होता आणि वाट पाहत होता.

लंबू तिच्याकडे बघत होता. त्याचा चेहरा भुकटीने पांढरा झाला होता आणि त्यावरून डोळ्यांतलं पाणी दोन काळ्या रेघा काढत खाली आलं होतं. "तू होतीस ते," तो म्हणाला. "तू ऐकेपर्यंत जागा आईचीच, असं मी धरून चाललो. ती तुझी वाट बघत होती दाराकडे." त्याच्या आवाजात राग नव्हता. असता तर तिला बरं वाटलं असतं. "आणि मी तिला वेडी म्हटलं, ताई."

"वेडी नव्हती ती," काचवाली म्हणाली.

तिच्यापुढे दोनच वाटा होत्या. 'ऐकलं' म्हणायचं, किंवा न म्हणता उठून जायचं. न म्हणता गेलं तर हे सांगणं कुणाचंच न होता इथेच पडून राहणार होतं. पुढे कधी फोन घेऊन कुणी टायरपाशी आलं, की आत्या पुन्हा तिला हाक मारणार होती, पुन्हा पाणी प्यायला सांगणार होती, तू येशीलच म्हणणार होती.

मजूर डबे धुऊन मशीनकडे परतू लागले होते.

काचवालीने तळहात जमिनीला लावला. खडी गरम होती आणि टोचत होती.

"ऐकलं," ती म्हणाली.

पडद्यावर ओळ उमटली, तिने स्वतः मापून घेतलेल्या मधोमध जागी, सुबक अक्षरांत: ही जागा आता तुझी. भोंगा वाजला, मशीन सुरू झालं आणि हाताखालची जमीन पुन्हा थरथरू लागली. लंबू उठला. त्याची पुढची खेप भरायची होती.